बर्फातला आग्रह

“हे! नो, नो, नो—”

मागून कोणीतरी ओरडलं खरं, पण तोवर पातेलं उपडं झालं होतं. उकळतं पाणी गाडीच्या पुढच्या काचेवर पसरलं, काचेवरचा बर्फ वाफा सोडत विरघळला, आणि नीलांबरी समाधानाने ‘झालं की!’ म्हणणार एवढ्यात काचेतून ‘कट्’ असा बारीकसा आवाज आला. खालच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि बघता बघता वरच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

“बाप्पा! काय करून बसली मी...” तिच्या तोंडून निघालं. घाबरली की ती थेट नागपूरला जाऊन पोचायची.

यातली गंमत अशी, की नीलांबरीच्या पीएचडीचा विषयच मुळी तडे हा होता. तापमान अचानक बदललं की काच आणि चिनी माती का तडकते, यावर तिने गेल्याच महिन्यात प्रोफेसरांसमोर तासभर भाषण ठोकलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण तिचीही बाजू घ्यायला हवी. नागपूरच्या मुलीने बर्फ पाहिलेला असतो तो फ्रीजमध्ये. आणि टेक्ससच्या या दक्षिण टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तो आकाशातून पडेल असं इथे जन्मलेल्या म्हाताऱ्यांनाही वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी विद्यापीठाने सगळं बंद केल्याचा मेसेज पाठवला, आणि सकाळी उठून पाहावं तर खिडकीबाहेरच्या ताडाच्या झाडांवर बर्फ!

“मराठी?” मागचा आवाज म्हणाला.

ती वळली. उंच, सडपातळ, लाल लोकरी टोपीतला एक मुलगा उभा होता. त्याच्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता. बर्फ कसा झटकायचा असतो हे ठाऊक असणाऱ्या माणसाच्या हातात असतो तसा. नीलांबरीला एकदम आठवलं, की आपल्या डोक्यावर आईने बॅगेत बळेच कोंबलेली माकडटोपी आहे.

“ही गाडी... शैलजाकाकूंची आहे ना?” तिने विचारलं. खरं तर विनवणीच केली.

“नाही. माझी आहे.”

“पण डॅशबोर्डवर गणपती आहे!”

“हो. आईने चिकटवलाय. निघत नाही, मी ट्राय केलं.”

“आणि चंदेरी टोयोटा...”

त्याने ब्रशच्या दांड्याने पार्किंगच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवलं. तिकडे बर्फाखाली अगदी तश्शीच एक गाडी उभी होती. “ती तुमच्या काकूंची असेल. आणि त्याच्या पलीकडची माझ्या रूममेटची. त्याच्यात बालाजी आहे.”

नीलांबरीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. काल रस्ते निसरडे झाले म्हणून विद्यापीठाच्या अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या शैलजाकाकू रात्री तिच्याकडेच राहिल्या होत्या. आपण जरा काकूंची गाडी साफ करून ठेवावी, एवढाच तिचा पुण्यकर्माचा विचार होता.

“तुम्हाला कुठे जायचं होतं का?” तिने भीत भीत विचारलं.

“कॅलिफोर्नियाला.”

“...आज?”

“आज तर रस्ते बंद आहेत. उद्या निघणार होतो. सांता क्लाराला जॉब आहे, मंडेपासून.” मग तिचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, “रिलॅक्स, यार! इन्शुरन्स आहे. काचवाला घरी येऊन काच बदलून देतो. आणि प्लीज, ‘तुम्ही’ नको म्हणू. ‘तुम्ही’ म्हटलं की मला वाटतं मागे बाबा उभे आहेत. मी निहार.”

“नीलांबरी.”

“नाइस टोपी, नीलांबरी,” तो म्हणाला. अगदी गंभीर चेहऱ्याने.

* * *

झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून निदान नाश्ता तरी द्यावा, म्हणून ती त्याला वर घेऊन आली. काकूंनी सगळी हकीकत ऐकली, कपाळावर हात मारला, आणि तव्यावर आणखी एक थालीपीठ थापलं. काकूंचं असंच होतं. जगात काहीही बिघडलं की त्या आधी गॅस पेटवायच्या.

निहारची चौकशी सुरू झाली. शिकागोजवळच्या शॉमबर्गचा. आईचं नाव सुलेखा, बाबा संजीव. जन्म तिकडचाच, मराठी घरात आणि रविवारच्या शाळेत शिकलेला. दोन वर्षं इथे शिकून डिसेंबरात मास्टर्स संपवलं. आता नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत लागला होता.

“आणि दोन वर्षांत एकदाही मराठी मंडळात आला नाहीस?” काकू म्हणाल्या.

“ही तरी कुठे येते?” निहारने नीलांबरीकडे बोट दाखवलं. “आली असती तर दिसली असती.”

“तू आला असतास तर कळलं असतं ना, मी येते की नाही ते!” नीलांबरी म्हणाली. काकूंनी थालीपीठ उलटता उलटता दोघांकडे एकदा बघितलं.

“घे अजून एक.”

“नो थँक्स, काकू. पोट भरलं.”

पानात थालीपीठ पडलं. वर लोण्याचा गोळा.

“काकू, आय सेड नो!”

“ऐकलं हो. लोणी घे.”

त्याने मुकाट्याने ते संपवलं. “आता अर्धं तरी,” म्हणत काकूंनी आणखी अर्धं वाढलं तेव्हा तो नीलांबरीकडे असा काही बघायला लागला, की तिला हसू आवरेना.

“आमच्याकडे एका ‘नको’ला काही किंमत नसते,” तिने समजावलं. “पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा म्हणाला तर मग कदाचित खरंच नको असेल. आग्रह म्हणतात याला.”

“मग पहिल्यांदाच ‘हो’ का नाही म्हणत?”

“हावरट दिसतं ते!”

तो विचारात पडला. मग थालीपीठाचा तुकडा मोडत म्हणाला, “आमच्या घरी आई एकदाच विचारते. आणि शाळेत तर... नो म्हणजे नो. थालीपीठाचं ठीक आहे. पण माणसांच्या बाबतीत मी पहिलंच ‘नको’ ऐकतो. दुसऱ्यांदा विचारणं मला जमत नाही. बरं पण वाटत नाही.”

नीलांबरीला ते आवडलं. का कोण जाणे, पण तिने मान खाली घालून चहा ढवळला. चहात साखर घातलेलीच नव्हती.

* * *

“बर्फात छत्री?”

“का? वरून पडतंय ना काहीतरी?”

“शॉमबर्गमध्ये छत्री घेऊन निघालीस ना, तर लोक फोटो काढतील.”

“मग काढ ना,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

त्याने खरंच काढला, आणि तिचा नंबर विचारून तिला पाठवलाही. लाल फुलांची छत्री, माकडटोपी, आणि मागे बर्फाने वाकलेला ताड. काचवाल्याने उद्या सकाळी येतो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे अख्खा दिवस मोकळा. “चल, तुला बर्फ दाखवतो,” असं निहार म्हणाला होता. खरं तर बर्फ सगळ्यांनाच दिसत होता, दाखवायला कुणी लागत नव्हतं. पण नीलांबरीने तसं म्हटलं नाही.

बर्फ अगदी हळू पडत होता. पावसाला आवाज असतो, याला नव्हता. रोज ज्या रस्त्यावरून ती घाईघाईने लॅबला जायची, तो रस्ता कुणीतरी झोपेत पांघरूण घालून ठेवावा तसा गप्प होता. ओक झाडांच्या आडव्या फांद्यांवर पांढरे काठ आले होते. कारंज्याजवळच्या जास्वंदीवर कुणीतरी जुनी चादर टाकून ठेवली होती, आणि त्या चादरीखालून एक लाल फूल बाहेर डोकावत होतं. नीलांबरीने हातमोजा काढला आणि तळहात पुढे केला. बर्फाची एक पाकळी येऊन बसली, क्षणभर राहिली आणि पाणी झाली.

“एवढंसं!” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, लागेल तरी.”

निहार तिच्या हाताकडे बघत होता. “मला बर्फ म्हणजे फावडं आठवतं,” तो म्हणाला. “शाळेच्या आधी अख्खा ड्राइव्हवे साफ करायचा. बाबा खिडकीतून थम्स अप करायचे. हाताने बर्फ पकडलेला मला आठवतच नाही.”

“मग पकड ना.”

त्याने हातमोजा काढला. दोघं शेजारी शेजारी हात पुढे करून उभे राहिले. देवळात तीर्थ घ्यायला उभं राहावं तसे. थंडीने तिची बोटं लाल झाली, पण हात मागे घ्यावासा वाटेना.

सगळं कॅम्पस बाहेर आलं होतं. ही भूमी म्हणजे सपाट पोळपाट, चढ म्हणून नाही. लायब्ररीच्या मागे मातीचा एक ढिगारा तेवढा होता, आणि आज त्याला हिमालयाचं भाग्य आलं होतं. कुणी कॅफेटेरियाच्या ट्रेवर, कुणी कपडे धुवायच्या टोपलीत, कुणी खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसून खाली घसरत होतं. शिष्ट म्हणून प्रसिद्ध असलेले एक प्रोफेसर कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर बसून किंचाळत खाली आले आणि उठून पुन्हा रांगेत उभे राहिले.

खाली एका टेबलावर मुलं गरम चॉकलेट वाटत होती. निहारने विचारलं, “तुला आणू?”

“नको,” नीलांबरी म्हणाली. सवयीने.

“ओके.”

आणि तो गेला आणि एकच कप घेऊन आला. त्याच्यातून वाफ निघत होती. वर फेसही होता. नीलांबरी त्या कपाकडे बघत राहिली. तो शांतपणे घोट घेत राहिला.

“कसं आहे?” तिने शेवटी विचारलं.

“मस्त आहे.”

“हं.”

“तुला... हवं होतं का?”

“नाही, नाही!”

तो पुन्हा प्यायला लागला. आता मात्र तिला रागच आला. एवढा मोठा झाला, मास्टर्स झाला, आणि साधं दुसऱ्यांदा विचारता येत नाही! ढिगाऱ्यावर चढताना पाय घसरत होते, तेव्हा त्याने हात पुढे केला. “धरू?”

“नको, जाते मी.”

ती दोन पावलं गेली, तिसऱ्याला सटकली आणि बसल्या बसल्या पार खाली गेली. छत्री एकीकडे, माकडटोपी दुसरीकडे. निहार धावत खाली आला, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला, आणि हसायचं नाही म्हणून त्याने ओठ इतके घट्ट मिटले की डोळ्यांतून पाणी आलं.

“हास बाबा, हास,” ती म्हणाली. “गुदमरशील नाहीतर.”

मग दोघंही हसले. पोट दुखेपर्यंत. वरून बर्फ पडत होता, तिच्या मोकळ्या झालेल्या केसांवर, त्याच्या पापण्यांवर. हसता हसता तो थांबला आणि तिच्या कपाळावरचा बर्फ झटकायला त्याचा हात पुढे आला, आणि... अर्ध्यातच थांबला.

“झटकू?” त्याने विचारलं. अगदी हळू.

या वेळी नीलांबरीने ‘नको’ म्हटलं नाही. तिने नुसती मान हलवली. होकारार्थी. त्याची थंडगार बोटं तिच्या कपाळाला लागली आणि तिला एकदम ऊब वाटली. अशा वेळी विज्ञान कामाला येत नाही.

* * *

दिवस कसा गेला ते कळलं नाही. काकूंनी फोन करून दुपारच्या खिचडीला बोलावलं, तिथून दोघं पुन्हा बाहेर पडले. कारंज्यापाशी त्यांनी एक बर्फाचा माणूस केला. बर्फ इतका कमी होता की खालचं गवत आणि सुकलेली पानंसुद्धा त्यात आली. “आजारी दिसतोय,” निहार म्हणाला. “नागपूरचा असेल,” नीलांबरी म्हणाली. तिने त्याला आपली माकडटोपी घातली तेव्हा कुठे त्याला जरा तेज आलं.

ती त्याला नागपूरबद्दल सांगत राहिली. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कुलरमध्ये पाणी भरण्यावरून भावंडांत मारामारी होते, असलं काय काय. तो ऐकत राहिला. त्याला ऐकता येत होतं. मध्येच तो एखादा शब्द अडवायचा, “चिटपाखरू म्हणजे?” आणि कळला की स्वतःशीच एकदा म्हणून बघायचा. एका दिवसात एवढं कुणाशी बोलल्याचं तिला आठवेना. इथे येऊन दोन वर्षं झाली, पण लॅब, बस, खोली... कुणी बोलावलं तर ‘नको’, कुणी विचारलं तर ‘ठीक आहे’. माणसं चांगली होती. एकदा विचारायची आणि निघून जायची.

संध्याकाळ झाली. बर्फ थांबला होता. पश्चिमेला थोडं आकाश उघडलं आणि सगळ्या पांढऱ्यावर एक फिकट गुलाबी रंग आला. दिवे लागले. ते तिच्या बिल्डिंगच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबले.

“तर... उद्या,” निहार म्हणाला.

“उद्या.”

“काच झाली की निघेन.” त्याने बुटाने पायरीवरचा बर्फ थोडा सरकवला. मग वर न बघता म्हणाला, “तिकडे गेल्यावर मी तुला फोन केला तर चालेल? म्हणजे... कधी कधी. किंवा रोज.”

रोज! तिला ओरडून हो म्हणायचं होतं. पण जन्मभराची सवय जिभेवर आधीच येऊन बसली होती.

“नको रे, उगाच कशाला,” ती म्हणाली. “नवीन नोकरी, तू बिझी असशील...”

आणि ती थांबली. आता तो म्हणेल, ‘बिझी कसला? करणारच.’ मग ती म्हणेल, ‘बघ बाबा, तुला वेळ असेल तर.’ मग तो...

“ओके,” निहार म्हणाला.

तो हसला. छान हसला, अजिबात न रागावता, आणि तेच फार वाईट होतं. “आजचा दिवस खूप मस्त होता, नीलांबरी. थँक यू.” एवढं बोलून तो वळला आणि आपल्या बिल्डिंगकडे चालायला लागला. ती पायऱ्यांवर उभी राहून बघत राहिली. एकदा तरी वळेल म्हणून. तो वळला नाही. त्याने सकाळीच सांगितलं होतं, तो पहिलंच ‘नको’ ऐकतो.

* * *

सकाळी ऊन पडलं. कौलांवरून, झाडांवरून, ताडाच्या झावळ्यांवरून टपटप टपटप पाणी गळत होतं. काकू पर्स घेऊन निघायच्या तयारीत होत्या. नीलांबरी खिडकीशी उभी होती. खाली निहारच्या गाडीपाशी काचवाल्याची व्हॅन लागली होती.

“रात्रभर कूस बदलत होतीस,” काकू म्हणाल्या. “काय झालं ते सांगणार आहेस, की मी तीनदा विचारू?”

नीलांबरीने सांगितलं. सगळं. रोज फोन करतो म्हणाला, मी नको म्हटलं, तो ओके म्हणाला. “एकदा तरी पुन्हा विचारायचं ना, काकू!”

काकूंनी पर्स खाली ठेवली. “मी नवीन नवीन इथे आले, तेव्हा ऑफिसात पॉटलक होतं,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाने काहीतरी करून आणलेलं. हे घे म्हणाले, मी नको म्हटलं. ते घे म्हणाले, नको. म्हटलं, आता आग्रह करतील. कोणी नाही केला गं. सगळे पोटभर जेवले. मी घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला आणि ढसाढसा रडले.”

“मग?”

“मग काय! पुढच्या वेळी प्लेट घेतली आणि सगळ्यांत आधी उभी राहिले. इथे आपलं आपणच वाढून घ्यायचं असतं, नीलू. आणि त्या पोराचं काय चुकलं? त्याने सरळ विचारलं, तू सरळ नाही म्हणालीस. आता तो काय मनकवडा आहे?”

खाली व्हॅनचं दार बंद झाल्याचा आवाज आला. काचवाला निघाला होता. तिने कॅनव्हासच्या बुटांत पाय खुपसले, नाड्या न बांधताच.

“अगं, स्वेटर तरी—” काकू म्हणेपर्यंत ती जिन्यात होती.

* * *

निहार डिकीत शेवटची बॅग ठेवत होता. नवी काच उन्हात चमकत होती. तिला धावत येताना पाहून तो सरळ उभा राहिला.

“आज पातेलं नाही ना आणलंस?”

“नाही.” तिला धाप लागली होती. “मला बोलायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विसरेन.”

“ओके.”

“आणि ओके म्हणू नकोस!”

त्याने तोंडावर बोट ठेवलं.

“काल मी नको म्हटलं ना, ते खोटं होतं,” नीलांबरी म्हणाली. “मला हवं होतं. चॉकलेट पण हवं होतं, पण ते जाऊ दे. मला तुझा फोन यायला हवा आहे. कधी कधी नाही, रोज. मी काल वाट बघत होते, तू पुन्हा विचारशील म्हणून. पण तू का विचारावंस? तू ऐकलंस माझं, ते बरोबरच केलंस. तू तसाच राहा. मीच... मीच नीट बोलायला शिकेन. मला तू आवडलास, निहार. एका दिवसात असं आवडतं का कुणी, मला माहीत नाही. पण आवडलास. बस्. झालं माझं बोलून.”

एवढं सगळं ती एका दमात बोलली, आणि मग तिला इतकी लाज वाटली की ती गाडीतल्या गणपतीकडे बघायला लागली. झाडावरून थेंब टपकत होते. निहारचं बोट अजून तोंडावरच होतं.

“आता बोललास तरी चालेल,” ती पुटपुटली.

“मी शॉमबर्गमध्ये इतकी वर्षं बर्फ उपसला,” तो म्हणाला. “मला बर्फ कधीच आवडला नाही, नीलांबरी. काल फर्स्ट टाइम आवडला. रात्री खिडकीतून बघत होतो, तो वितळायला लागला होता, आणि मला... आय डोन्ट नो. मला रडायला येत होतं. बर्फासाठी कोण रडतं, यार?”

“बर्फासाठी?”

“नाही,” तो म्हणाला. “बर्फासाठी नाही.”

मग तिने हात पुढे केला. कुणी विचारायच्या आधी, स्वतःहून. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वरून काकूंनी खिडकी उघडली, पाहिलं आणि तितक्याच हळू पुन्हा लावून घेतली.

“जायला तर लागेल,” निहार शेवटी म्हणाला.

“लागेलच. जा. नोकरी सोडून थांब म्हणणारी मुलगी नाही मी.” तिने डोळे पुसले. “मार्चमध्ये मला सुट्टी आहे. मी येते सांता क्लाराला.”

“मी तर विचारलंच नाही अजून!”

“मीच सांगते आहे.”

तो मोठ्याने हसला. गाडीत बसला, काच खाली केली, इंजिन सुरू केलं. नीलांबरी खिडकीपाशी वाकली. सांगायचं अजून पुष्कळ होतं, पण निघताना आपली माणसं जे सांगतात तेवढंच तिला सुचलं.

“सावकाश जा. आणि पोचल्यावर फोन कर.”

“करतो.”

ओल्या रस्त्यावरून गाडी निघाली. दोन्ही बाजूंना अजून थोडा बर्फ होता, मधला रस्ता काळा, स्वच्छ. ओकच्या झाडांखालून ती लांब लांब जात लहान झाली. नीलांबरी उघड्या डोक्याने, सुटलेल्या नाड्यांनिशी तिथेच उभी होती. कॅम्पसच्या मोठ्या गेटपाशी ब्रेकचे दिवे लागले. गाडी थांबली.

तिच्या खिशातला फोन वाजला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“पोचलो,” निहार म्हणाला.

“कुठे?”

“गेटपर्यंत.”